कल्पित तारांचें खरें गणित

शाळेंतील अंकगणिताच्या पुस्तकांत एक हौद असतो. दोन नळांनीं तो भरतो, तिसऱ्यानें रिकामा होतो. असा हौद कोणत्याहि गांवीं नसतो. तरीहि त्यावरून मुलें वेळेचा हिशेब शिकतात. आज मला अशाच एका हौदाविषयीं बोलावयाचें आहे. मात्र तो पाण्याचा नसून विजेच्या तारांचा आहे, आणि त्याचा विस्तार अमेरिकेंतील टेक्सास राज्याएवढा आहे.

विजेचें मोठें जाळें हा विलक्षण पदार्थ होय. धान्य कोठारांत भरून ठेवतां येतें. वीज बहुतांशीं ज्या क्षणीं निर्माण होते त्याच क्षणीं खर्चावी लागते. शिवाय अमुकच तारेनें जा, असें तिला सांगतां येत नाहीं. एक तार गळाली कीं तिचा भार शेजारणींवर आपोआप पडतो, व त्यांना तो सोसला नाहीं तर त्याहि गळतात. ३० जुलै २०१२ रोजीं पहाटे अडीचच्या सुमारास आपल्याकडे हेंच झालें. मध्यप्रदेशांतील बिना व ग्वाल्हेर यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर इतका भार आला कीं तिच्या रक्षक यंत्रास, म्हणजे रिलेस, पुढें कोठें तरी बिघाड झाल्याचा भास झाला. बिघाड मुळींच नव्हता. परंतु पहारेकऱ्यानें घरच्याच माणसास चोर समजून दार लावून घ्यावें, त्याप्रमाणें रिलेनें वाहिनी तोडली. पश्चिमेकडून उत्तरेस जाणारी वीज आडवाटांनीं वाहूं लागली, आणि पाहतां पाहतां उत्तर भारताचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां तोच प्रकार होऊन पूर्व व ईशान्य भागहि अंधारले. त्या दिवशीं साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशांतील वीज गेली.

अशा प्रसंगांचा अभ्यास खऱ्या जाळ्यावर करतां येत नाहीं. प्रयोगासाठीं कोणी शहर अंधारांत लोटणार नाहीं. म्हणून जाळें संगणकांत उभें करावयाचें, तेथें एकेक तार तोडावयाची, आणि बाकीच्या टिकतात कीं नाहीं तें पाहावयाचें. कोणतीहि एक वाहिनी अथवा एक जनित्र अकस्मात् गेलें तरी जाळें उभें राहिलें पाहिजे, हा या शास्त्रांतील पहिला दंडक. परंतु त्यासाठीं जाळ्याचा नकाशा हवा, आणि तो मिळत नाहीं. कोणतें उपकेंद्र बंद पडलें असतां सर्वांत अधिक हानि होईल, ही माहिती शत्रूच्याहि उपयोगाची. अमेरिकेंत सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर ती कुलुपांत गेली. तें योग्यच झालें असें माझें मत आहे. मात्र त्यामुळें संशोधकानें आपली युक्ति कोणत्या जाळ्यावर लावून पाहिली तें इतरांस दाखवितां येईना. आणि ज्याचा पडताळा दुसऱ्यास घेतां येत नाहीं, त्याला शास्त्रांत किंमत ती काय?

मग विद्यापीठांतून वापरीत काय? तर जुनीं उदाहरणें. त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण ११८ गांठींचें असून, अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील डिसेंबर १९६२ च्या जाळ्याचा तो तुकडा आहे. वाहिन्यांनीं भार किती सोसावा, याची नोंदहि त्यांत नाहीं! एकच जुनी प्रश्नपत्रिका पिढ्यान् पिढ्या सोडविणाऱ्या वर्गाची जी गत होते, तीच येथें झाली.

टॉमस ओव्हरबाय, ॲडम बर्चफील्ड आदि मंडळींनीं इलिनॉय व पुढें टेक्सास ए. अँड एम. या विद्यापीठांत निराळा मार्ग धरला. खऱ्या तारांचा नकाशा उतरून घ्यावयाचाच नाहीं. लोक कोठें किती राहतात तें जनगणना सांगते. वीजकेंद्रें कोठें व केवढीं आहेत तें सरकार प्रसिद्ध करितें. एवढ्यावरून उपकेंद्रें मांडलीं, आणि मागणी लोकवस्तीच्या मानानें वांटली. राहिल्या तारा. येथें भूमिति उपयोगीं पडली, आणि माझ्यासारख्या मास्तरास याचें मोठें कौतुक वाटतें. नकाशावरील बिंदूंचे त्रिकोण असे पाडावयाचे कीं कोणत्याहि त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आंत चौथा बिंदु येऊं नये. ही रीत रशियन गणिती बोरिस डेलोने याची. खऱ्या जाळ्यांतील बहुसंख्य तारा अशा त्रिकोणांच्या बाजूंवरच पडतात, असें आढळलें आहे. तेव्हां त्या बाजूंमधून संगणक तारा निवडतो, भार मोजतो, एक तार तोडून पाहतो, आणि जेथें ताण दिसेल तेथें भर घालतो. शेवटीं खऱ्या जाळ्यांशीं ताळा. एका दाबाच्या वाहिन्या उपकेंद्रांच्या साधारण सव्वापट असतात. कल्पित जाळ्यांतहि तेंच प्रमाण उतरावें लागतें.

अशा रीतीनें टेक्सासच्या भूमीवर २,००० गांठींचें जाळें तयार झालें. खऱ्या टेक्सासच्या मुख्य वाहिन्या ३४५ किलोव्होल्टच्या, तर याच्या ५०० च्या. त्यामुळें चोरानें तें पळविलें तरी त्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. पुढें पश्चिम अमेरिकेसाठीं १०,००० व पूर्वेसाठीं ७०,००० गांठींचीं जाळीं झालीं. तीं कोणासहि मोकळीं आहेत.

पण फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्सासवर कडाक्याची थंडी कोसळली, वायूच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रें बंद पडलीं आणि लाखों घरें दिवसचे दिवस अंधारांत राहिलीं. ज्या जाळ्यांत केवळ तारा व जनित्रेंच आहेत, त्यास विहीर गोठते हें कोठून कळावें? यास्तव नव्या कल्पित जाळ्यांना तासातासाची मागणी, हवामान आणि वायूचे नळहि जोडण्यांत येत आहेत.