कै. वि. स. पागे आणि कामाचा हक्क

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं महिन्याचें पगारपत्रक येतें. त्यांत प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधि अशा मोठ्या वजावटींच्या खालीं ‘व्यवसाय कर’ म्हणून दोनशे रुपयांची एक लहानशी नोंद असते. फेब्रुवारींत ती तीनशेंची होते. इतर करांविषयीं घरांत जेवढी कुरकुर होते तेवढीहि ह्या कराच्या वांट्यास येत नाहीं, आणि तो कां बसला हें फारच थोड्यांस ठाऊक असेल. महाराष्ट्र सरकारनें हा कर १९७५ सालीं बसविला तो खेड्यांतील बेकार मजुरास काम देण्याकरितां. ह्या खटाटोपाच्या मुळाशीं जे गृहस्थ होते ते मंत्री नव्हते. ते होते विधान परिषदेचे सभापति, विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजीं, हल्लींच्या सांगली जिल्ह्यांतील बागणी येथें झाला. शिक्षणानें वकील, वृत्तीनें गांधीवादी, व स्वातंत्र्याच्या चळवळींतून तयार झालेले हे कार्यकर्ते १९६० सालीं सभापति झाले आणि १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. हें आसन मानाचें खरें, पण कर्तृत्ववान् राजकारणी पुरुषास अडचणीचें. पक्षाची बाजू मांडतां येत नाहीं, वादांत उतरतां येत नाहीं, तिजोरीची किल्ली तर हातीं नसतेच. पुष्कळांची कारकीर्द अशा जागीं शोभेची होऊन संपते. पागे यांची तशी झाली नाहीं, म्हणूनच आम्हांस त्यांच्याविषयीं लिहावेंसें वाटलें.

आपल्या सरकारी रिवाजाप्रमाणें आणेवारी घसरून टंचाई जाहीर झाली कीं मगच दुष्काळी कामें निघत. परंतु पाऊसपाणी उत्तम झालें तरी ज्यास स्वतःचें शेत नाहीं, त्याच्या घरची चूल पेरणी व कापणी यांच्या मधल्या महिन्यांत कशावर पेटावी? त्याचा दुष्काळ कोणत्याहि कलेक्टरानें जाहीर केलेला नसतो. पागे यांचें म्हणणें असें कीं, काम मागणाऱ्यास काम मिळणें हा हक्क असला पाहिजे, त्यास सरकारच्या दयेची अथवा दुष्काळाची वाट पाहावी लागूं नये. १९६९ सालीं तासगांव तालुक्यांत विसापूरच्या परिसरांत ह्या कल्पनेचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनीं ती उचलून धरली आणि १९७२ मध्यें योजना राज्यभर लागू झाली.

त्याच सुमारास महादुष्काळ आला. नवी योजना बाजूस ठेवून जुन्या पद्धतीचीं टंचाईचीं कामें काढावीं लागलीं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें त्या कामांवर होतीं. डोंगराएवढी खडी फोडली गेली. तिचा उपयोग काय, हें पुष्कळ ठिकाणीं कोणी विचारलें नाहीं. योजनेंत मात्र पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशा, मागें कांहीं ठेवून जाणाऱ्या कामांवर भर होता.

१९७७ सालीं, पागे सभापति असतांनाच, विधिमंडळानें ह्या हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, आणि सारख्या कामास स्त्रीपुरुषांस सारखा दाम, अशी त्याची थोडक्यांत मांडणी. व्यवसाय करांतून येणाऱ्या रकमेइतकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची असे. मुंबईच्या कारकुनाच्या पगारांतून कापलेला पैसा अशा रीतीनें मराठवाड्यांतील बांधावर मजुरी म्हणून पोहोंचूं लागला.

ह्या कायद्यांतील एक गोष्ट आमच्या वाचक-भगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. हमी होती ती कुटुंबास नव्हे, तर काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस. एकत्र कुटुंबांतील सासू आणि सून, दोघींचीं नांवें हजेरीपटावर स्वतंत्र लागत, आणि मजुरी ज्याच्या त्याच्या हातीं पडावयाची. घरांत राबणाऱ्या बाईच्या कष्टाचा हिशेब एरव्हीं कोण ठेवतो? कामांवर स्त्रियांची एवढी गर्दी होई, त्याचें एक कारण हेंच असावें असें आम्हांस वाटतें.

दोष पुष्कळ होते. खोटे हजेरीपट भरले गेले, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, अर्धवट टाकलेले रस्ते पहिल्या पावसांत वाहून गेले. हे दोष कायदा राबविणाऱ्यांचे म्हणून कायदा करणाऱ्यांस सोडून द्यावें, इतकें आमचें मन उदार नाहीं. हक्क देतांना तो बजावणाऱ्या यंत्रणेची चौकशी तितक्याच कसोशीनें व्हावयास हवी होती. परंतु दाद मागावयास कायदा होता, आणि मजूर मोर्चे घेऊन मामलेदार कचेरीवर जात ते भीक मागावयास नव्हे.

पागे यांचें १६ मार्च १९९० रोजीं निधन झालें. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, २००५ मध्यें, केंद्र सरकारनें सबंध देशाकरितां ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्या वेळीं महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच. त्या कायद्यांत हमी ठरली ती कुटुंबामागें वर्षाकांठीं शंभर दिवसांची. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यांत दिवसांची अशी मोजदाद नव्हती.