वाकायला घाबरलेली पाठ

आमच्या इचलकरंजीत कंबरदुखीचा माणूस दवाखान्यात येतो तो हातात एमआरआयची मोठी पिशवी आणि कमरेला पट्टा घेऊनच. खुर्चीवर टेकायच्या आत सांगतो, "मॅडम, मणक्यात गॅप आलाय." कुणाची गादी सरकलेली असते, कुणाची नस दबलेली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाळीभर यंत्रमागापुढे उभे राहणारे कामगार, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाया, शिलाई मशीनवर दिवस काढणाऱ्या मुली, अशा सगळ्यांच्या पाठी रोज माझ्या हाताखालून जातात. यातली कितीतरी माणसं दुखण्यापेक्षा त्या पिशवीतल्या कागदाला जास्त घाबरलेली असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या कागदाबद्दल आधी सांगते. 1994 साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक लोकांच्या कमरेतली निदान एक गादी फुगलेली निघाली. 2015 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या. वयाबरोबर केस पिकतात, तशा गाद्या सुकतात. रिपोर्टात 'डीजनरेशन' लिहिलेलं असलं म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलंच, असं नाही.

मग दुखतं कशानं? उसण भरली, स्नायू ताणला, तर बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो. इथून पुढे मज्जासंस्थेची भूमिका मोठी होते. मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात की साधं वाकणं, खोकणंसुद्धा धोक्याचं वाटून दुखायला लागतं. पाठीतून निघालेला संदेश मज्जारज्जूत वाढवला किंवा दाबला जाऊ शकतो, हे मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं. अपुरी झोप, डोक्यावरचं कर्ज, 'आता कायमचं अधू होणार' ही धास्ती, या सगळ्यांनी तो संदेश मोठा होतो. म्हणून जेव्हा घरचे "सगळं मनाचं आहे" म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. दुखणं खरं असतं. फक्त ते किती आहे यावरून पाठ किती बिघडली, हे मोजता येत नाही.

पंचेचाळिशीचा एक यंत्रमाग कामगार आठवतो. वर्ष उलटून गेलं होतं दुखण्याला. जेवढं कापड तेवढी मजुरी, त्यामुळे खाडा परवडणारा नाही. बरं वाटलं की दोन पाळ्या ओढायच्या आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळायचं, असं चाललेलं. पट्टा झोपतानाही सुटत नसे. चप्पल बायको घालून द्यायची. त्याला तपासलं तर पायात ताकद नीट, बधिरपणा नाही. वाकायला सांगितलं की मात्र श्वास रोखून लाकडासारखा ताठ व्हायचा. आम्ही खुर्चीवर बसून गुडघ्यांकडे झुकण्यापासून सुरुवात केली, श्वास सोडत. मग चालणं. रोज किती चालायचं ते घड्याळावर ठरलं. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून रद्द नाही. पट्टा आधी दुपारचा सुटला, मग दिवसभराचा. सगळ्यात अवघड गेलं ते त्याच्या बायकोला. "भाऊजी वारले ते असंच उचलता उचलता," ती म्हणायची आणि भरलेली कळशी त्याच्या हातून काढून घ्यायची. तिला समोर बसवून मी सगळं पुन्हा सांगितलं. आधी अर्धी कळशी उचलू द्या, म्हटलं.

हे काही माझ्या एकटीचं मत नाही. 1995 साली हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, कंबर धरल्यावर दोन दिवस अंथरुणात पडलेल्यांपेक्षा झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे लवकर सावरले. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर झालेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला शिकवलं, त्यांचं दुखणं पुन्हा उलटायला साधारण 208 दिवस लागले, इतरांचं 112 दिवसांत उलटलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगणं यांची शिफारस केली. पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं सरसकट देऊ नयेत असं म्हटलं. आमच्याकडे ट्रॅक्शनसाठी अजूनही रांग लागते.

काही वेळा मात्र माझ्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे धावायला हवं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी. दुखण्यासोबत ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावा, आपल्याकडे तो आहे. म्हातारपणी पडल्यावर पाठ धरली तर हाड मोडलेलं असू शकतं. तरुण वयात पहाटे पाठ आखडत असेल आणि हालचालीनं मोकळी होत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. नस खरोखर दबून पाय दुखतो, तिथे कधी शस्त्रक्रिया उपयोगी पडते. नुसत्या कंबरदुखीला ती क्वचितच लागते.

तो कामगार आता एकच पाळी करतो. थंडीत अजून दुखतं, तो सांगतो. दुखलं की चालण्याचा वेग कमी करतो, चालणं सोडत नाही. नळाला पाणी आलं की कळशा तोच भरतो.