बॅटरी काढली तरी न विसरणारी चिप

कंपन्या काही वर्षं वापरलेले लॅपटॉप घाऊक विकून टाकतात आणि तीच यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये स्वस्तात मिळतात. शिकणाऱ्या मुलांसाठी हा सौदा उत्तमच. पण घरी आणून पेन ड्राइव्हवरून नवी सिस्टिम टाकायची म्हणून सेटिंग बदलायला जावं, तर पडद्यावर छोटं कुलूप दिसतं आणि यंत्र पासवर्ड मागतं. विकणाऱ्याला तो ठाऊक नसतो. ज्याने तो घातला, तो आयटी विभागातला माणूस केव्हाच नोकरी बदलून गेलेला असतो.

मग सल्ले सुरू होतात. फॉरमॅट मार, असं कुणी सांगतं. त्याचा उपयोग नाही, कारण विंडोजचा पासवर्ड डिस्कवर असतो आणि हा मदरबोर्डवर. विंडोजच्याही आधी जागा होणारा जो प्रोग्रॅम, पूर्वीचा बायोस आणि आताचा यूईएफआय, त्याचं हे कुलूप. दुसरा कुणी बोर्डावरची गोल बॅटरी काढायला सांगतो. हा सल्ला एके काळी खरा होता. 1984च्या आयबीएम पीसी एटीमध्ये सेटिंग्ज घड्याळाच्या चिपमधल्या अवघ्या 64 बाइटच्या स्मृतीत राहत आणि ती स्मृती बॅटरीवर जगे. पुढे डेस्कटॉपचा पासवर्डही तिथेच जाऊन बसला. बॅटरी काढली, की सगळं पुसलं जाई.

लॅपटॉप मात्र काखेत मारून पळवता येतो. म्हणून थिंकपॅडसारख्या यंत्रांत सेटिंग्ज राखणारा हा पासवर्ड, म्हणजे सुपरवायझर पासवर्ड, ईईप्रॉम नावाच्या, नखाहून लहान चिपमध्ये ठेवला गेला. तिच्या पोटात काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक बिट साठवणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा असतो, सगळीकडून सिलिकॉन डायऑक्साइडने वेढलेला. त्याला कुठलीही तार जोडलेली नसते, म्हणून त्याचं नाव फ्लोटिंग गेट. ही रचना 1967 मध्ये बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन स्झे यांनी मांडली.

काही लिहायचं झालं, की चिप मिळालेला मोजका व्होल्टेज आतल्या आत कित्येक पटींनी वाढवते. वेढणारा थर एका जागी जेमतेम 10 नॅनोमीटर जाडीचा असतो. तिथे विद्युतदाब पडला, की इलेक्ट्रॉन तो थर न फोडताच क्वांटम नियमांनुसार पलीकडे जातात. याचं गणित राल्फ फाउलर आणि लोथार नोर्डहाइम यांनी 1928 मध्येच केलं होतं, तेही धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी. दाब काढून घेतला, की इलेक्ट्रॉन आत अडकून पडतात. तिथे टिकून राहायला त्यांना वीज लागतच नाही. बॅटरी रात्रभर काढून ठेवा नाहीतर वर्षभर, पासवर्ड जागचा हलत नाही.

काही जुन्या लॅपटॉपवर पासवर्ड तीनदा चुकला, की एक कोड दिसे आणि त्यावरून सेवा केंद्र मास्टर पासवर्ड काढून देई. त्यामागची गणितं फुटली आणि चोरांचीही सोय झाली. दुरुस्ती करणारे जुन्या मॉडेलांची चिप क्लिप लावून वाचतात आणि पुन्हा लिहितात, पण हात चुकला तर बोर्डच जातो. थिंकपॅड बनवणारी लेनोवो तर सरळ सांगते, की सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर मदरबोर्ड बदला. इंटेल प्रोसेसरच्या मॅकचं कुलूप ॲपल काढून देते, पण मूळ खरेदीचं बिल पाहून. जुन्या यंत्राच्या नव्या मालकाकडे नेमकं तेच नसतं.

हा कडकपणा मला योग्य वाटतो. खऱ्या मालकाला सहज उघडून देणारं कुलूप चोरालाही तितक्याच सहज उघडून देईल. राग यावा तो यंत्र विकणाऱ्या कंपनीचा. पासवर्ड ठाऊक असताना तो काढायला दोन मिनिटं पुरतात. ती दिली नाहीत, तर धडधाकट बोर्ड भंगारात जातो आणि तो घडवताना लागलेलं तांबं, सोनं, पाणी, वीज सगळं वाया जातं.

विकत घेताना विंडोज सुरू झालं एवढ्यावर भुलू नये. सुपरवायझर पासवर्ड असला तरी विंडोज बिनतक्रार सुरू होऊ शकतं, कारण तो राखण करतो सेटिंग्जची. थिंकपॅड असेल तर दुकानातच बंद करून पुन्हा सुरू करावा, एंटर आणि मग एफ1 दाबावं, सिक्युरिटीच्या पानावर जावं. वाटेत पासवर्ड विचारला, तर दुकानदाराकडून तिथल्या तिथे काढून घ्यावा, नाहीतर यंत्र परत द्यावं. घेतलंच, तर बिलावर सिरियल नंबर लिहून मागावा.