अ‍ॅरेची स्ट्रिंग करताना होणारे घोळ

अ‍ॅरेतले घटक जोडून एक स्ट्रिंग करायची, त्यात अवघड काय? लूप लावायचा, प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम चिकटवत जायचं. मग 'पुणे, सातारा, मिरज, ' असं काहीतरी तयार होतं आणि शेवटी लोंबणारा स्वल्पविराम छाटायला आणखी एक ओळ लिहावी लागते. याच कामासाठी तयार मिळणाऱ्या जॉइनमध्ये ही कटकट नाही. विभाजक फक्त दोन घटकांच्या मधे पडतो: तीन नावं, दोन स्वल्पविराम.

'लूप काय नि जॉइन काय, वेग सारखाच' हा समज छोट्या यादीपुरता खपून जातो. पण पायथॉन आणि जावात एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. अधिक चिन्हाने काही जोडलं की नवी स्ट्रिंग बनते आणि आधीचा सगळा मजकूर तिच्यात पुन्हा कॉपी होतो. पाच-पाच अक्षरांचे 10,000 शब्द असे एकेक जोडले, तर मजकूर 50 हजार अक्षरांचा आणि कॉपी सुमारे 25 कोटींची! पायथॉनचं जॉइन आधी एकूण लांबी मोजतं, तेवढी जागा एकदाच घेतं आणि भरून टाकतं. सीपायथॉनने आणि क्रोममधल्या व्ही8 इंजिनने अधिक चिन्हासाठीही आतून युक्त्या केल्या आहेत, त्यामुळे कधीकधी फरक जाणवत नाही. त्यावर विसंबून राहू नये. जावात स्ट्रिंगबिल्डर आहेच, शिवाय 2014 च्या जावा 8 पासून तयार जॉइनही आहे.

जॉइन सगळीकडे सारखंच वागतं, असंही नाही. पायथॉनच्या यादीत एक जरी आकडा असला तरी थेट टाइपएरर. जावास्क्रिप्ट मात्र कुरकुर करत नाही: [1, नल, 3] हा अ‍ॅरे '-' ने जोडला की '1--3' मिळतं, नल गुपचूप गायब. मला पायथॉनचा तुसडेपणाच बरा वाटतो. चूक जिथल्या तिथे कळते.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे, जोडलेली स्ट्रिंग स्प्लिट केली, म्हणजे विभाजकावर तोडली, की मूळ अ‍ॅरे परत मिळतो. 'दादर, मुंबई' हा एकच घटक असेल तर परतताना त्याचे दोन होतात. पायथॉनमध्ये रिकाम्या यादीची जॉइनने रिकामी स्ट्रिंग होते. ती स्वल्पविरामावर तोडली की रिकामी यादी नाही, एक रिकामा घटक असलेली यादी हाती येते. म्हणून सीएसव्ही फाइल हाताने जॉइन करून बनवू नये. पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूल स्वल्पविराम असलेला घटक अवतरणचिन्हांत घालतं.

मराठी मजकुरात आणखी एक गोम आहे. 'मराठी' या शब्दाची पायथॉनमध्ये लिस्ट केली तर घटक पाच होतात: म, र, काना, ठ, वेलांटी. रिकाम्या विभाजकाने जोडलं तर शब्द जसाच्या तसा परत येतो. मधे '-' घातला की काना नि वेलांटी सुट्या पडतात आणि बहुतेकदा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेल्या दिसतात. जावास्क्रिप्टमधलं इंटल.सेगमेंटर वापरून तोडलं तर म, रा, ठी असे तीनच घटक मिळतात. मग कुठलाही विभाजक घाला.