गाइड आधी गाव विचारतो

विजापूरचा गाइड आधी गाव विचारतो. ‘पुणे’ म्हटलं की तो मान डोलावतो आणि पुढचे दोन तास कसे जाणार ते तिथंच ठरतं. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी ही सहल मी तीनदा केली. १९९१ साली आई-बाबांबरोबर व्हिडिओ कोचनं, २००६ साली लग्नानंतर बायकोला घेऊन, आणि २०२४च्या डिसेंबरात साडू, मेहुण्या, मावशी असा लवाजमा बरोबर. तिन्ही वेळा यात्रा कंपनी वेगळी होती, गाइडही वेगळे. पण ‘पुणे’ ऐकल्यावर तिघांनीही अफझलखानाच्या साठ कबरींची गोष्ट काढली.

१६५९ साली खान शिवाजी महाराजांवर निघाला, तू परत येत नाहीस असं ज्योतिष्यानं सांगितलं, म्हणून जाण्याआधी त्यानं बायका मारून टाकल्या, अशी ती दंतकथा. बसमध्ये ती हमखास रंगते. पण २००६ साली एक गंमत झाली. आमचं मोकळं फिरणं चाललं होतं तेव्हा सकाळचाच गाइड इब्राहिम रोजाच्या ओट्यावर कानडी शाळेच्या मुलांना घेऊन बसलेला दिसला. दुसरा इब्राहिम आदिलशाह संगीतात किती बुडालेला होता, ‘किताब-ए-नौरस’मध्ये त्यानं सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती कशी गायली, हे तो अगदी रमून सांगत होता. कानडी जेमतेम कळतं, तरी नावं कळली. ‘हे आम्हाला का नाही सांगितलंत?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘पुण्याचे लोक दुसरं ऐकत नाहीत, सर.’ त्याचं फारसं चुकलं नव्हतं. मुलुख मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली आणि परांड्याहून विजापूरला आणली, हेही आम्ही तोफेपुढे फोटो काढता काढताच ऐकलं होतं. पंचावन्न टनांचं ते धूड त्या काळात परांड्याहून कसं ओढत आणलं असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही.

गोलघुमट मात्र गाइडवाचूनच कळावा. महंमद आदिलशाहाची ही कबर, बाहेरून व्यास चव्वेचाळीस मीटर. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे जिने चढून घुमटाच्या आतल्या सज्जात पोचलं की त्याला बोलघुमट का म्हणतात ते उमगतं. १९९१ला बाबा समोरच्या बाजूला जाऊन भिंतीशी पुटपुटले. मी कान लावून काहीतरी ऐतिहासिक ऐकायला मिळेल म्हणून उभा. ऐकू आलं, ‘बुटाची नाडी बांध.’ २०२४ला तिथं चार शाळांच्या सहली एकाच वेळी किंचाळत होत्या. घुमटानं प्रत्येक किंकाळी इमानानं सात-आठदा परत दिली आणि आमची मावशी कानांत बोटं घालून खाली उतरली.

बदामीची लेणी सुंदर, अठरा हातांचा नटराज तर तासभर बघावा. पण आमच्या गटाची खरी ओढ बनशंकरीकडे. अनेक मराठी घरांची ती कुलदेवी, त्यामुळे ओटीचं सामान पुण्याहूनच निघतं. देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि गाडग्यातलं दही देतात. हे तेहतीस वर्षांत बदललं नाही. दर वाढला, दही तसंच घट्ट.

ऐहोळ्याला मात्र प्रत्येक कंपनी घाई करते. २०२४ला तर चाळीस मिनिटं दिली, त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. दुर्ग मंदिर झालं, लाडखान झालं, चला बसमध्ये. मेगुतीची टेकडी कार्यक्रमात कधीच नसते. २००६ला आम्ही दोघं व्यवस्थापकाचा डोळा चुकवून वर गेलो होतो. जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा इसवी सन ६३४चा शिलालेख आहे, भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाला हरवल्याचा अभिमान त्यात आहे, आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी झाला असंही आहे. महाराष्ट्राच्या नावाच्या इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या. पुण्याच्या माणसांना साठ कबरींऐवजी हे दाखवावं असं कुणाला का वाटत नाही कोण जाणे. खाली आलो तेव्हा अख्खी बस हॉर्न वाजवत होती आणि बायको पुढचे दोन दिवस सगळ्यांची माफी मागत होती.

पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीनं नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधवलं. वेरूळच्या कैलासाशी त्याचं नातं लावतात. एवढं आम्हाला प्रत्येक वेळी न चुकता सांगितलं गेलं.

हंपी सगळ्यात जास्त बदललं. १९९१ला विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या दगडी मंडपांतून माणसं राहत होती, दुकानं होती, आईनं तिथंच काचेच्या बांगड्या भरल्या. २०११ साली ती वस्ती हटवली. विठ्ठल मंदिराच्या सुरेल खांबांवर तेव्हाचा गाइड बोटांनी टिचक्या मारून सूर काढायचा, आता हात लावू देत नाहीत. इथला विठोबा कृष्णदेवरायानं पंढरपूरहून आणलेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही परंपरेनं आलेली कथा मराठी गटाला गाभाऱ्यापाशी सांगतात. आईनं रिकाम्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर तुळशीचं पान ठेवलं होतं.

२०२४च्या गाइडनंही भानुदास सांगितले, पण चार वाक्यांत. मग आम्हाला दगडी रथापाशी नेऊन म्हणाला, ‘पन्नासची नोट काढा सगळ्यांनी, मागच्या बाजूला हाच रथ आहे.’ अठ्ठावीस जणांनी खिसे, पर्सा चाचपल्या. सगळ्यांचे पैसे फोनमध्ये. शेवटी त्यानंच शर्टाच्या खिशातून एक नोट काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, कडा फिकट झालेल्या. ती हातोहात फिरली. मावशीनं डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली, मग त्याला विचारलं, ‘अरे, पण विठोबा नेमका कुठं उभा होता?’