सबवूफर घ्यायचा का? आधी खोली तपासा

लोणावळा, कामशेत, तळेगाव या पट्ट्यात नवा बंगला किंवा फ्लॅट सजवताना दिवाणखान्यात स्टिरिओ बसवायची वेळ येते, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सबवूफर कोणता घ्यावा?’ खरा प्रश्न त्याआधीचा आहे: तो लागतो का? साधारण 20 ते 80 हर्ट्झमधल्या अगदी खालच्या आवाजांसाठी असलेला हा वेगळा स्पीकर. त्याची गरज तुमचं संगीत आणि तुमची खोली ठरवते.

गैरसमज 1: सबवूफर नसेल तर गाणं अपुरंच ऐकू येतं.
वस्तुस्थिती: काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झवर. साडेसहा इंची वूफर असलेले चांगले बुकशेल्फ स्पीकर साधारण 50 हर्ट्झपर्यंत उतरतात. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, भावगीत त्यांच्यावर पूर्ण ऐकू येतं. मात्र डबल बासची तार 41 हर्ट्झपर्यंत आणि पियानोची सर्वांत खालची पट्टी 27.5 हर्ट्झपर्यंत जाते. ‘सैराट’ चित्रपटाच्या संगीतासारखा मोठा वाद्यवृंद, इलेक्ट्रॉनिक संगीत किंवा चित्रपट तुम्ही नेहमी ऐकत-पाहत असाल, किंवा तुमचे स्पीकर चार इंची असतील, तर सबवूफरचा फरक नक्की जाणवेल.

गैरसमज 2: बेस कमी वाटतो, म्हणजे सबवूफर हवाच.
वस्तुस्थिती: आधी वायर पाहा. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल टोकातून निघालेली वायर स्पीकरच्या लाल टोकालाच लागली आहे ना? दोनपैकी एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. दोघांचा खालचा आवाज एकमेकांना खोडतो आणि गाणं पोकळ वाटतं. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या एका स्पीकरच्या वायर सरळ केल्या, की बेस परत येतो, खर्च शून्य. मग स्पीकर भिंतीच्या थोडे जवळ सरकवून ऐका. भिंत खालच्या आवाजाला बळ देते.

गैरसमज 3: बेसची दिशा कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो.
वस्तुस्थिती: दिशा फारशी कळत नाही हे खरं, पण जागेने आवाज पार बदलतो. 12 फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे 38 मीटर लांब आहे. तेवढ्या लांबीत हाच घुमणारा स्वर 5 हर्ट्झच्याही खाली, म्हणजे कानाला न कळणाऱ्या टप्प्यात जातो. घरच्या खोलीत तो नेमका गाण्यात येऊन बसतो. त्यातही आपल्या दगडी, विटांच्या भिंती खालच्या आवाजाचा मोठा भाग परत खोलीत फेकतात. त्यामुळे एका खुर्चीवर बेस अंगावर येतो आणि दुसरीवर गायब होतो.

यावर जुनी, खात्रीची युक्ती आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरा. जिथे बेस भरीव आणि स्पष्ट ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा.

गैरसमज 4: जास्त वॅट म्हणजे जास्त बेस.
वस्तुस्थिती: वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. खोल बेससाठी पडद्याचा आकार, त्याची हालचाल आणि पेटी महत्त्वाची. खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा (क्षणिक कमाल शक्तीचा) हजारोंचा आकडा विसरा, ‘आरएमएस’ (सतत मिळणारी शक्ती) किती आणि सबवूफर किती हर्ट्झपर्यंत उतरतो, ते विचारा.

गैरसमज 5: पावसाच्या आवाजात गाणं दबतं, सबवूफरने ते वर येईल.
वस्तुस्थिती: मावळातल्या पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या, की आधी हरवतात ते शब्द. शब्दांची स्पष्टता मुख्यतः 1,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तिथे सबवूफरचा काही उपयोग नाही. वाढवलेला बेस उलट शब्द आणखी झाकतो. स्पीकर जवळ आणा आणि कानाच्या उंचीवर ठेवा.

गैरसमज 6: बंगला स्वतंत्र आहे, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही.
वस्तुस्थिती: काच आणि भिंत वरचे स्वर बऱ्यापैकी अडवतात, बेस मात्र तितका अडत नाही, त्याचा काही भाग पार होतोच. रात्रीच्या शांततेत तो शेजारच्या झोपायच्या खोलीपर्यंत पोहोचतो. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी वायर, मग स्पीकरची जागा, मग आपल्या आवडीची गाणी नीट ऐकणं. एवढं करूनही तळ रिकामा वाटला, तर सबवूफर जरूर घ्या. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि आवाज हळूहळू वाढवा. सबवूफर वेगळा ऐकू येऊ लागला, की तो जास्त झाला. तो बंद केल्यावरच त्याची उणीव भासली पाहिजे.