मोजणीतला न्याय : हवामान संशोधनातील नैतिक प्रश्नांचा आढावा

हवामान बदलाच्या संशोधनात नैतिक प्रश्न दोन ठिकाणी उभे राहतात. संशोधन हाती आल्यावर त्याचे करायचे काय, हा धोरणाचा प्रश्न. त्यावर परिषदा भरतात आणि वर्तमानपत्रांचे रकानेही भरतात. दुसरे ठिकाण संशोधनाच्या पोटातच आहे. काय मोजायचे, कोणत्या वर्षापासून मोजायचे, कशाला कशाने भागायचे, किती खात्री झाली म्हणजे बोलायचे, हे ठरवताना शास्त्रज्ञाने न्याय-अन्यायाविषयी काहीतरी गृहीत धरलेलेच असते. मराठीत या दुसऱ्या ठिकाणाकडे फार थोडे लक्ष गेले आहे. प्रस्तुत आढाव्याचा भर तिथे आहे.

फूरिए, टिंडल, अऱ्हेनियस ही नावे, मौना लोआवर १९५८ पासून चाललेली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले आयपीसीसी हे हवामान बदलाविषयीचे आंतरशासकीय मंडळ वाचकांच्या परिचयाचे आहेत. तापमानवाढ माणसामुळे होते आहे, यावर शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही. नाकारणाऱ्यांच्या बंडाळीचा इतिहास इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे.

मूल्ये विज्ञानाच्या आत शिरतात कशी, याची नेटकी मांडणी तत्त्वज्ञ रिचर्ड रुडनर यांनी १९५३ मध्ये केली. पुरावा कधीच शंभर टक्के नसतो. म्हणून एखादे गृहीतक स्वीकारण्याइतका पुरावा जमला की नाही हे ठरवताना, चूक झाली तर ती किती महागात पडेल याचा विचार करावाच लागतो. औषधात विषारी अंश नाही, असे म्हणायला जेवढी खात्री हवी, तेवढी पट्ट्याच्या बकलांचा दर्जा ठरवायला लागत नाही, हे त्यांचेच उदाहरण. रिचर्ड जेफ्री यांनी १९५६ मध्ये हरकत घेतली: शास्त्रज्ञाने फक्त संभाव्यता सांगावी, स्वीकारायचे की नाही ते इतरांनी पाहावे. हा तोडगा दिसायला सोपा आहे, पण तो टिकत नाही. हेदर डग्लस यांनी २००० मध्ये दाखवले की संभाव्यतेचा आकडा हाती येण्याच्या कितीतरी आधी निवडी होऊन गेलेल्या असतात. डायॉक्सिन या विषारी रसायनाच्या अभ्यासात उंदरांच्या यकृताच्या त्याच काचपट्ट्या वेगवेगळ्या तज्ज्ञांनी वेगवेगळ्या वाचल्या होत्या. संदिग्ध पट्टी कोणत्या बाजूला टाकायची, हा निर्णय सूक्ष्मदर्शकापाशीच होतो.

हवामानशास्त्रातील याचे ठळक उदाहरण आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात सापडते. एकविसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत समुद्रपातळी १८ ते ५९ सेंटिमीटर वाढेल, असे त्यात म्हटले होते. बर्फाच्या प्रवाहात पुढे येऊ शकणारे वेगवान बदल या आकड्यांत धरलेले नव्हते, कारण त्यांचे गणित पक्के बसत नव्हते. अहवालात तसे स्पष्ट लिहिलेही होते. पण ५९ हा आकडा जगभर गेला आणि ती ओळ मागे राहिली. सावधगिरीला दिशा असते. प्रबंधाच्या दृष्टीने जो अंदाज सावध, तो खाडीकाठच्या वस्तीच्या दृष्टीने बेफिकीर ठरू शकतो. विज्ञान मूल्यांपासून अलिप्त राहिले तरच शुद्ध राहते, असा आग्रह धरणारी मंडळी आपल्याकडेही आहेत आणि त्यांचा दबदबा मोठा आहे. या उदाहरणाला त्यांच्याकडे उत्तर नाही.

संगणकीय प्रारूपांविषयीच्या तात्त्विक चर्चेवर बरेच ग्रंथ झाले आहेत. वेंडी पार्कर आणि एरिक विन्सबर्ग यांचे लेखन त्यात महत्त्वाचे. बरीच प्रारूपे एकमेकांची सूत्रे उसनी घेऊन वाढलेली असल्याने त्यांच्या एकमताला स्वतंत्र साक्षीदारांच्या एकमताइतके वजन देता येत नाही, हा त्या चर्चेचा गाभा. प्रारूपांच्या जागतिक तुलनेच्या सहाव्या फेरीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे प्रारूप सामील झाले, ते दक्षिण आशियातले पहिले. मोसमी पावसाचे प्रश्न त्याच्याच टापूतून विचारले जाणे याला ज्ञानाच्या दृष्टीनेही किंमत आहे, न्यायाच्या दृष्टीनेही.

या क्षेत्रातील सर्वांत कसदार धागा मात्र मोजणीचा आहे आणि त्याची सुरुवात भारतात झाली, हे परदेशी पाठ्यपुस्तके एखाद्या तळटीपेत उरकतात. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १९९० मध्ये देशोदेशींच्या उत्सर्जनाची क्रमवारी प्रसिद्ध केली. भारत, चीन आणि ब्राझील पहिल्या पाचांत आले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटमधील अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी हा हिशेब उलगडून पाहिला. १९९१ मध्ये त्यांची ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका निघाली. समुद्र आणि जंगले दरवर्षी काही वायू शोषून घेतात. ही शोषणक्षमता अमेरिकी हिशेबात प्रत्येक देशाला त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटून दिली होती. म्हणजे जो अधिक धूर सोडेल, त्याच्या पदरात समुद्राचा अधिक वाटा. अगरवाल-नारायण यांनी तीच क्षमता लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली आणि क्रमवारीचे चित्र पालटले. आकडेमोडीत चूक कोणाचीच नव्हती. आकाश कोणाच्या मालकीचे, याचे उत्तर एका भागाकारात दडवून ठेवले होते आणि ते या दोघांनी उजेडात आणले.

पुस्तिकेतील दुसरा मुद्दा मिथेनचा. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीच्या नळकांड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकाच रकान्यात बसवता येतात का? एक पोटासाठी, दुसरा बहुधा सोयीसाठी. अमेरिकी तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी १९९३ मध्ये हाच भेद ‘निर्वाहाचे उत्सर्जन’ आणि ‘चैनीचे उत्सर्जन’ असा मांडला आणि तो जगभर गाजला. त्याचे बीज दोन वर्षे आधी दिल्लीत छापले गेले होते, याची नोंद व्हायला हवी.

मिथेनच्या वादाचा पुढचा भाग प्रयोगशाळेत घडला. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेतीतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन बाहेर पडत होता. हा अंदाज युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरच्या मोजमापांवरून ताणून काढलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशातल्या निरनिराळ्या भातप्रदेशांत प्रत्यक्ष मोजणी झाली. अशी मोजणी कष्टाची असते. खाचरात रोपांच्या चुडांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक अंतराने तिच्यातली हवा सिरिंजने काढायची, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत न्यायचे आणि वायुवर्णलेखन यंत्रावर तपासायचे. हेच सकाळ-दुपार, लावणीपासून कापणीपर्यंत, आणि पाणी साठलेल्या खाचरात वेगळे, पावसावरच्या वरकस भातात वेगळे. मिथेन तयार होतो तो साचलेल्या पाण्याखालच्या प्राणवायूविरहित चिखलात आणि बाहेर पडतो मुख्यतः रोपाच्या पोकळ दांड्यांतून. त्यामुळे पाणी किती दिवस उभे राहते यावर सारे अवलंबून. भारतातले कितीतरी भात मोसमात मध्येच कोरडे पडते. मोजणीअंती आकडा आला सुमारे ४० लाख टन, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या नवव्या हिश्श्याच्या आसपास. गरीब देशांवरचा आरोप दूरच्या माहितीवर ठेवला गेला होता, तो चिखलात उतरून केलेल्या कामाने खोडला. हवामानविज्ञानातील नीतिविचाराचे इतके भरीव उदाहरण क्वचितच सापडेल.

रिओच्या १९९२ च्या करारात ‘समान पण विभेदित जबाबदारी’ हे तत्त्व आले, त्यामागे या वादाचीही पुण्याई होती. पुढे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत टी. जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन अंदाजपत्रकाच्या भाषेत हा विचार पुढे नेला. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात जगाने सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी शक्यता हवी असेल, तर २०२० पासून पुढे ५०० अब्ज टन उरतात. दोन-तृतीयांश शक्यता हवी असेल, तर ४००. निम्मी शक्यता पुरेशी मानायची की दोन-तृतीयांश, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. २,४०० अब्ज टन कोणी खर्च केले, याचा हिशेब मांडायचा की नाही, हेही सांगत नाही. झाले गेले विसरून आजपासून सर्वांनी सारखे चालावे, असा सूर हल्ली आपल्याच सुशिक्षित वर्गातून उमटतो. ज्याने ताट संपवले, त्याच्याइतकेच उपाशी माणसाने आवरते घ्यावे, असा त्याचा अर्थ होतो.

या धाग्यावरचा एक आक्षेप मात्र खरा आहे. देशाची सरासरी गरिबांमुळे कमी दिसते आणि तिच्या आड देशातले धनिक लपतात. ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्ये हे दाखवले आणि २००९ मध्ये शोइबल चक्रवर्ती व सहकाऱ्यांनी देशांऐवजी जास्त उत्सर्जन करणाऱ्या व्यक्ती मोजण्याची रीत सुचवली. दरडोई न्यायाचे तत्त्व जो जिनिव्हात मागतो, त्याने ते मुंबईतही मान्य करायला हवे. आंतरराष्ट्रीय हिशेब त्यामुळे रद्द होत नाही.

माणसाच्या जिवाची किंमत हा याच वादाचा कडवट अध्याय. आयपीसीसीच्या १९९५ च्या अहवालासाठी अर्थतज्ज्ञांनी हवामान बदलाचे नुकसान पैशांत मांडले. त्यात श्रीमंत देशातला मृत्यू सुमारे १५ लाख डॉलरचा धरला आणि गरीब देशातला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. लोक जीव वाचवण्यासाठी किती पैसे मोजायला तयार असतात यावरून हे आकडे काढले होते. आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत, तो मोजणार कुठून? भारतासह अनेक देशांनी आणि ऑब्री मायर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला. धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशाने त्या आकड्यांपासून अंतर राखले.

भावी पिढ्यांचा प्रश्न अर्थशास्त्रात वटावाच्या दराच्या रूपाने येतो. फ्रँक रॅम्सी यांनी १९२८ मध्येच, केवळ उशिरा येते म्हणून भावी सुखदुःखाला कमी लेखणे नीतीला धरून नाही, असे बजावले होते. निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या अहवालात हा दर सुमारे १.४ टक्के पडतो. विल्यम नॉर्डहाउस यांनी त्याच सुमारास सुमारे ५.५ टक्के धरला. शंभर वर्षांनी होणारे १०० रुपयांचे नुकसान पहिल्या दराने आजचे २५ रुपये भरते, दुसऱ्या दराने जेमतेम ४७ पैसे. तातडी आहे की नाही, याचा निकाल इथेच लागून जातो. नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले. त्याने हा वाद मिटत नाही.

डेरेक पारफिट यांचा १९८४ चा ‘अस्मितेचा पेच’ (आज वेगळे धोरण निवडले तर उद्या वेगळीच माणसे जन्माला येतील, मग नुकसान कोणाचे?) विद्यापीठांत आवडीने शिकवला जातो. बुद्धीला तो खाद्य पुरवतो, पण संशोधनाचे काम त्याने फारसे पुढे गेलेले नाही. एकट्या माणसाच्या मोटारीने हवामान बिघडते का, हा वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांचा २००५ चा प्रश्नही त्याच जातीचा. व्यक्तिगत ‘कार्बन पाऊलखुणे’ची कल्पना घरोघर पोचवण्यात एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गेल्या दशकात कारणमीमांसेचे संशोधन भराभर वाढले. फ्रीडरिके ओटो आणि खेर्ट यान फान ओल्डेनबोर्ख यांच्या गटाने एकेका आपत्तीत तापमानवाढीचा वाटा किती, हे काही आठवड्यांत सांगण्याची पद्धत बसवली. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधील भारत-पाकिस्तानच्या उष्णतेच्या लाटेची शक्यता माणसामुळे सुमारे ३० पटींनी वाढली, असा या गटाचा निष्कर्ष होता. इथला तात्त्विक वाद पुराव्याच्या ओझ्याचा आहे. ‘मानवी प्रभाव नाही’ हे गृहीत धरून सुरुवात करायची आणि उलट सिद्ध करण्याचा भार आपद्ग्रस्तावर टाकायचा का? केव्हिन ट्रेनबर्थ यांनी २०११ मध्ये हे ओझे उलटवावे असे सुचवले, तेव्हा त्यांच्यावर बरीच टीका झाली. एलिझाबेथ लॉइड आणि नाओमी ओरेस्केस यांनी २०१८ मध्ये दाखवले की दोन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रकारच्या चुका टाळतात. कोणती चूक अधिक वाईट, ते मूल्यांवर ठरते. जिथे पर्जन्यमापक केंद्रे विरळ, तिथे निष्कर्ष ‘अनिश्चित’ येतो आणि नुकसानभरपाईच्या चर्चेत तो ‘संबंध नाही’ असा वाचला जातो. २०२२ मध्ये हानी-नुकसान निधीचा निर्णय झाला, त्यानंतर तर हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे.

उत्सर्जनाच्या भविष्याचे आराखडे हे मूल्ये दडण्याचे आजचे मुख्य ठिकाण आहे. तेजल कानिटकर, अखिल मिथ्री आणि टी. जयरामन यांनी आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातील ५५६ आराखडे तपासले. दक्षिण आशिया आणि आफ्रिकेचे दरडोई उत्पन्न २०५० मध्येही जागतिक सरासरीच्या खालीच राहील, असे त्यांत गृहीत असल्याचे त्यांना आढळले. हे आराखडे ‘शक्य मार्ग’ म्हणून सादर होतात. गरीब माणूस गरीबच राहणार, हे त्यांच्या पोटात आधीच भरलेले असते. याखेरीज हवेतला कार्बन पुढे कधीतरी शोषून घेऊ, या भरवशावर आज सवलत घेणारे आराखडे आहेतच. केव्हिन अँडरसन आणि ग्लेन पीटर्स यांनी २०१६ मध्ये या भरवशाची चांगलीच हजेरी घेतली.

सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी थंड करण्याची कल्पना पॉल क्रुट्झन यांच्या २००६ च्या निबंधाने प्रतिष्ठित झाली. पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकाने जग तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने थंडावले, हा तिचा आधार. मोसमी पावसावर याचा परिणाम काय होईल, हा भारताच्या जिवाचा प्रश्न. हार्वर्डच्या गटाने स्वीडनमध्ये आखलेली उपकरण-चाचणी सामी आदिवासींच्या परिषदेच्या विरोधानंतर २०२१ मध्ये थांबली आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. प्रयोगाची संमती कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न वैद्यकाने केव्हाच सोडवायला घेतला. हवामानशास्त्र आता कुठे तिथे पोचते आहे.

न्यायालये या प्रश्नांत उतरली, हा सर्वांत ताजा टप्पा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत वाचला. माळढोक वाचवायचा की सौरऊर्जेच्या तारा ओढायच्या, असा तो पेच होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ च्या सल्लागार मतात राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी मान्य केली.

आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात जॉन ब्रूम यांच्यासारखे तत्त्वज्ञ लेखक म्हणून बसले आणि नीतिविचाराला एका प्रकरणात जागा मिळाली. त्याच वर्षी बर्लिनच्या बैठकीत उत्पन्नगटांनुसार उत्सर्जन दाखवणाऱ्या आकृत्या सारांशातून काढून टाकल्या गेल्या. अगरवाल २००२ मध्ये गेले, मित्रा २००७ मध्ये. त्यांच्यासारखी परक्या आकड्याचा भागाकार तपासून पाहण्याची सवय आज आपल्या विद्यापीठांत मंदावली आहे. तयार आराखडे आणून त्यांत स्थानिक माहिती भरण्यालाच संशोधन म्हटले जाते. पुण्यात पाषाणची हवामानविज्ञान संस्था आणि गणेशखिंडीतील विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग यांच्यात जेमतेम काही किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एका वर्गात बसून या आराखड्यांची गृहीतके ओळीओळीने वाचावीत, असा नियमित अभ्यासक्रम संबंधितांनी चालवावा आणि तो मराठीतूनही असावा.